तारवाला हेडफोन: गाणी आणि ऑफिसचे कॉल, दोन्हीसाठी (बजेट २५००)

गोदाकाठ:

नमस्कार मंडळी. मी नाशिकला, इंदिरानगरात राहते. कंपनी पुण्याची, काम घरूनच. दिवसाचे चार-पाच तास कॉलवर जातात, उरलेल्या वेळात कानात गाणं असतं. दोन वर्षं ब्लूटूथचे इअरबड्स वापरले. आता त्यांची बॅटरी दुपारीच संपते, पण खरा त्रास वेगळाच आहे. कॉलवर समोरचे म्हणतात, "विहिरीतून बोलल्यासारखा आवाज येतोय." आणि कॉल जोडला गेला की मला ऐकू येणारा आवाजही एकदम पातळ होतो, जुन्या काळच्या ट्रंक कॉलसारखा.

म्हणून तारवाला घ्यायचं ठरवलंय. चष्मा आहे, त्यामुळे तासाभराने कान दुखायला नको. लॅपटॉपला एकच गोल भोक आहे, फोनला तेही नाही, फक्त टाईप-सी. घरात शांतता कमीच: भिंतीपलीकडे स्वयंपाकघर, खाली सिंहस्थाच्या तयारीत रस्ता खणून ठेवलाय. ऐकते ते शास्त्रीय, नाट्यसंगीत आणि अभंग. धमधम बास नको.

आतापर्यंत पाहिलेले: सोनी एमडीआर-झेडएक्स११०एपी, लॉजिटेकचे एच१११ आणि एच३९०. एक मैत्रीण म्हणते थोडे पैसे घालून ऑडिओ-टेक्निका एटीएच-एम२०एक्स घे, गाण्यासाठी तोच. पण त्याला माईक नाही. दोन्ही कामं करणारा एकच हेडफोन मिळेल का? खूप वाचलं आणि जास्तच गोंधळले.

सातपूरकर:

पहिली गोष्ट, तुमचे इअरबड्स बिघडलेले नाहीत. ब्लूटूथची रचनाच तशी आहे. गाणं ऐकताना आवाज एकाच दिशेने येतो, स्टीरिओ आणि बऱ्यापैकी भरीव. माईक चालू झाला की तीच जोडणी दोन्हीकडून आवाज नेणाऱ्या वेगळ्या पद्धतीवर जाते. तिच्यात जुन्या प्रकारात सेकंदाला ८,००० आणि नव्यात १६,००० नमुने घेतले जातात. ८,००० नमुन्यांत ४,००० हर्ट्झच्या वरचं काही मावतच नाही. तुम्ही ट्रंक कॉल म्हणालात ते अगदी बरोबर आहे, कारण जुन्या टेलिफोनचा पट्टा ३०० ते ३,४०० हर्ट्झचा होता. एलई ऑडिओ नावाची नवी पद्धत हे सुधारते, पण त्यासाठी लॅपटॉप आणि हेडफोन दोन्ही त्या पद्धतीचे लागतात. २५०० रुपयांत तारेला पर्याय नाही, आणि तुम्ही योग्य दिशेने विचार करताय.

दुसरं, माझं आग्रहाचं म्हणणं. कॉलसाठी हेडफोन निवडताना सगळे आपल्याला कसं ऐकू येतं ते पाहतात. बोलणं समजायला हजार रुपयांचा हेडफोनसुद्धा पुरतो. तुमची अडचण समोरच्याला काय ऐकू जातं ही आहे, आणि ते तुम्हाला स्वतःला कधीच ऐकू येत नाही. म्हणून काहीही विकत घेण्याआधी लॅपटॉपवर स्वतःचा एक मिनिटाचा आवाज रेकॉर्ड करा. कुकर लावलेला असताना, खाली खणणं चालू असताना. मग ऐका.

षड्ज:

गोदाकाठ, तुमच्या यादीतली गाणी वाचून लिहायला बसलो.

खोक्यावरच्या आकड्यांकडे पाहू नका. २० ते २०,००० हर्ट्झ सगळेच छापतात. ड्रायव्हर, म्हणजे आतला आवाज काढणारा पडदा, ४० मिलिमीटरचा आहे की ५०, यावरून सूर कसा लागेल ते कळत नाही. ओहमचा आकडा (हेडफोन विजेला किती अडवतो तो) तेवढा एकदा बघा: १६ ते ६४ ओहमच्या मधला असेल तर फोन आणि लॅपटॉप त्याला सहज वाजवतात. २५० ओहमचे स्टुडिओतले हेडफोन वेगळे, ते आपल्या कामाचे नाहीत. एम२०एक्स ४७ ओहमचा, झेडएक्स११० २४ ओहमचा. दोन्हींना वेगळा अ‍ॅम्प्लिफायर लागत नाही.

ऐकून निवडायचं असेल तर दुकानात आपलंच रेकॉर्डिंग घेऊन जा. मी तीन जागा तपासतो. तानपुऱ्याची जवारी आधी. जोडीच्या तारा छेडल्यावर वर जो झणझणीत स्वरांचा पिसारा उलगडतो, तो हलक्या हेडफोनमध्ये एकतर गायब होतो किंवा नुसती सळसळ होते. मग डग्गा. मनगटाने दाबून काढलेली मींड वर सरकताना ऐकू आली पाहिजे, नुसता धप्प आवाज नको. मग अभंगातले टाळ. टाळ टोचत असतील तर तो हेडफोन अर्ध्या तासात डोकं दुखवणार. नाशिक ढोलाचं रेकॉर्डिंग लावून 'बघा काय बास आहे' असं दुकानदार सांगतात, त्यावर जाऊ नका. ढोल चांगला वाजवणारा हेडफोन गळ्याच्या आवाजावर गोधडी घालतो, हे मी अनेकदा अनुभवलंय.

शास्त्रीय ऐकणाऱ्याने एम२०एक्सच घ्यावा. पूर्ण कानाभोवती बसतो, बंद पाठीचा आहे (बाहेरची बाजू झाकलेली), खालचा आवाज फुगवत नाही. तार ३ मीटर लांब आहे, टेबलावर जरा अडचण होते. माईकचं मग बघता येईल.

सातपूरकर:

षड्ज, गाण्याचं तुमचं सगळं मान्य. पण 'माईकचं मग बघता येईल' इथेच लोक फसतात. एम२०एक्स लावला की बोलणं लॅपटॉपच्या माईकवरून जाणार. तो तोंडापासून अर्ध्या मीटरवर. हेडसेटला तोंडापाशी येणारी दांडी असते, तिच्यावरचा माईक ५ सेंटिमीटरवर. मोकळ्या जागेत अंतर निम्मं झालं की आवाज ६ डेसिबलने वाढतो. ५० वरून ५ वर आलं की २० डेसिबल. स्वयंपाकघर मात्र दोन्ही माईकना सारखंच लांब. म्हणजे कुकरच्या तुलनेत तुमचा आवाज २० डेसिबलने पुढे येतो, तेही फक्त अंतरामुळे. हे कुठल्याही सॉफ्टवेअरने इतकं स्वच्छ होत नाही. सॉफ्टवेअर शिट्टी कापतं आणि तिच्याबरोबर शब्दाचं शेपूटही कापतं.

पंचवटी_एक्सप्रेस:

माझा अनुभव रेल्वेतला. नाशिक रोड ते मुंबई अनेक वर्षं जाऊन-येऊन करतोय. तारवाले कानात घालायचे इअरफोन, तारेवरच माईक. डब्यातल्या गडबडीत कानावरच्या हेडफोनपेक्षा हे बरे, कारण रबरी टोपी कानात नीट बसली की बाहेरचा आवाज आपोआप अडतो. आवाज वाढवावा लागत नाही. जागतिक आरोग्य संघटना मोठ्यांसाठी आठवड्याला ४० तास आणि ८० डेसिबल ही मर्यादा सांगते. गोदाकाठ यांचे कॉल आणि गाणी मिळून ४० तास सहज होतात, म्हणून हे त्यांनाही लागू आहे.

टोपीचा आकार मात्र महत्त्वाचा. खोक्यात तीन जोड्या येतात आणि बहुतेक लोक मधली लावून मोकळे होतात. दोन कानांना दोन वेगळे आकारही लागू शकतात. टोपी सैल असेल तर खालचे स्वर पार गळून जातात आणि माणूस इअरफोनला नावं ठेवतो. चष्म्याच्या काड्यांवर दाब नाही हा आणखी एक फायदा.

तोटाही सांगतो. तारेवरचा माईक कॉलरला, दुपट्ट्याला घासतो आणि समोरच्याला खरखर ऐकू जाते. प्रवासातल्या दोन मिनिटांच्या फोनला चालतं. चार तासांच्या मीटिंगला नाही.

तार_आणि_कथील:

मी तीस वर्षं दुरुस्तीचं काम केलं, रेडिओपासून मोबाईलपर्यंत. आता घरीच थोडंफार करतो. पिनेबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो.

साध्या हेडफोनच्या पिनेवर दोन काळ्या रेघा असतात, माईकवाल्याच्या पिनेवर तीन. तीन रेघांनी चार भाग होतात: टोकाला डावा कान, मग उजवा, मग ग्राउंड (सगळ्यांची परतीची सामाईक वाट), मुळाशी माईक. आता सगळीकडे हीच मांडणी आहे. जुन्या नोकिया फोनच्या काळात ग्राउंड आणि माईक उलटे असायचे. घरात तसला जुना हेडसेट पडलेला असेल आणि आजच्या लॅपटॉपला लावला तर गायक गायब होतो, मागची वाद्यं तेवढी पोकळ ऐकू येतात. माईकचं बटण दाबून धरलं की गायक परत येतो. पिन अर्धवट बसली तरी तसंच होतं. कारण असं की ग्राउंड सुटला की दोन्ही कानांना डाव्या-उजव्यातला फरक तेवढा ऐकू येतो, आणि गायक दोन्हीकडे सारखाच असल्याने वजा होतो. माझ्याकडे 'हेडफोन गेला' म्हणून आलेले कित्येक नग नुसती पिन पूर्ण दाबून परत दिले. पिनेच्या भोकात कापसाचा बोळा अडकलेला असतो, लाकडी टूथपिकने हलक्या हाताने काढायचा. पिन आत जात नसेल तर तेच कारण.

ही पिन मुळात १९ व्या शतकातल्या टेलिफोन एक्स्चेंजमधली, ऑपरेटर बाया बोर्डावर लावायच्या ती. आकार लहान झाला, जात तीच. म्हणून मला तिचं कौतुक आहे.

गोदाकाठताई, तुमचा लॅपटॉप एका भोकाचा आहे, म्हणजे तीन रेघांची पिन थेट चालेल. कार्यालयातला जुना डेस्कटॉप असेल तर हिरवं आणि गुलाबी अशी दोन भोकं असतात, तिथे दुभागणारा तुकडा लागतो. लॉजिटेकमध्येही एच११० दोन पिनांचा आणि एच१११ एका पिनेचा आहे, घाईत चुकीचा घेऊ नका.

फोनला टाईप-सी ते गोल पिन असा अ‍ॅडॉप्टर घ्यावा लागेल. काही स्वस्त अ‍ॅडॉप्टरमध्ये नुसत्या तारा असतात, आवाज तयार करणारी चिप नसते. ते मोजक्याच फोनवर चालतात. पाकिटावर डीएसी (म्हणजे तीच चिप) लिहिलेलं बघा आणि दुकानातच आपल्या फोनला लावून वाजवून बघा. अ‍ॅपलचा अ‍ॅडॉप्टर चिपवाला आहे, पण बऱ्याच अँड्रॉइड फोनवर त्याचा आवाज लहान येतो.

गोदाकाठ:

इतकं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं, मनापासून आभार.

सातपूरकर म्हणाले तसं केलं. भावाचा दांडीवाला, एका गोल पिनेचा हेडसेट दोन दिवस मागून आणला. लॅपटॉपच्या माईकवर, इअरबड्सवर आणि या हेडसेटवर एकच परिच्छेद वाचला. लॅपटॉपवर मी जिन्यात उभी राहून बोलतेय असं वाटतं. इअरबड्सवर 'स' आणि 'श' सारखेच ऐकू येतात. हेडसेटवर शब्द स्वच्छ, कुकरची शिट्टी लांब गेली. पण मागे सतत 'घूंऽऽ' असा आवाज आहे. लॅपटॉपला हात लावला की कमी होतो. माईक खराब आहे का?

तार_आणि_कथील:

माईक नाही. चार्जर काढा आणि परत रेकॉर्ड करा.

गोदाकाठ:

काका, चार्जर काढला आणि घूं गेला! हे काय आहे?

तार_आणि_कथील:

अर्थिंग. माईकमधून निघणारा सिग्नल काही मिलिव्होल्टचा असतो. चार्जरमधून लॅपटॉपच्या अंगावर थोडी गळती येते, अर्थिंग नीट असेल तर ती जमिनीत जाते. नसेल तर तिथेच घोटाळते आणि ५० हर्ट्झची घरघर माईकच्या तारेत शिरते. तुम्ही हात लावता तेव्हा तुमच्या अंगातून तिला वाट मिळते. लॅपटॉपच्या धातूवर बोट हलकं फिरवलं तर झिणझिण्या येतात का ते सांगा. चार्जर तीन पिनांचा आहे आणि तो दोन पिनांच्या एक्स्टेंशनला लावलाय का, तेही बघा. वायरमनला बोलावून बोर्ड तपासून घ्या. हे हेडफोनपुरतं नाही, घरातल्या माणसांच्या जिवासाठी आहे. गीझर आणि वॉशिंग मशीनच्या सॉकेटचंही अर्थिंग बघायला सांगा.

सातपूरकर:

काकांशी शंभर टक्के सहमत. आणि म्हणूनच मी कॉलसाठी गोल पिनेपेक्षा यूएसबीचा हेडसेट सुचवतो. त्यात माईकचा आवाज हेडसेटच्या स्वतःच्या चिपमध्येच आकड्यांत बदलतो, लॅपटॉपमध्ये शिरतो तो आकडे होऊन. मधल्या तारेत घरघर शिरायला फारशी जागा उरत नाही. लॅपटॉपचं साउंड कार्ड कसंही असो, फरक पडत नाही. तुमच्या यादीतला एच३९० त्या जातीचा आहे, तारेवरच आवाज कमी-जास्त करायची आणि माईक बंद करायची बटणं आहेत.

षड्ज:

पण तो गाण्यासाठी नाही हो. बोलण्यासाठी केलेल्या हेडसेटवर जवारी शोधू नये. त्यांना दोन्ही कामांना एकच हवाय.

सातपूरकर:

म्हणूनच म्हणतोय, एकच घेऊ नये. या किमतीत दोन्ही कामं करणारा घेतला की माईकवर तडजोड होते आणि गाण्यावरही होते. कॉलसाठी दांडीवाला यूएसबी हेडसेट आणि गाण्यासाठी पंचवटी_एक्सप्रेस यांच्यासारखे कानात घालायचे इअरफोन. दोन्ही मिळून बजेटच्या आसपास बसतं. एम२०एक्सला एकट्यालाच त्याहून जास्त पडतील आणि माईकचा प्रश्न तसाच.

षड्ज:

एम२०एक्स आणि कॉलरला लावायचा बोया बीवाय-एम१ माईक असं जमेल की. दोन वस्तूच घ्यायच्या तर गाण्याकडे झुकलेल्या का नकोत?

सातपूरकर:

तो माईक चांगला आहे, मी वापरलाय. पण तो चहूबाजूंनी ऐकतो. शांत खोलीत उत्तम. त्यांच्या घरी भिंतीपलीकडे स्वयंपाकघर आणि खिडकीखाली ड्रिल मशीन. शिवाय ६ मीटरची तार आणि हेडफोनची ३ मीटरची, टेबलावर ९ मीटर तारेचं काय करायचं? तुमच्या शांत घरी मी हेच सुचवलं असतं.

षड्ज:

ड्रिल मशीन विसरलो होतो. मागे घेतो. मग गाण्यासाठी इअरफोन घेताना तरी तार वेगळी होणारा घ्या. तार तुटली की ती तेवढी बदलता येते, इअरफोन टाकावा लागत नाही. आणि टाळ टोचतात का ते नक्की ऐका.

म्हसरूळ:

मध्येच विचारतो. मुलाच्या ऑनलाइन क्लाससाठी हेडफोन दर चार महिन्यांनी एका बाजूने बंद पडतो. तिसरा आहे. महाग घेऊ का?

तार_आणि_कथील:

महाग घेऊन उपयोग नाही, तार तिथेच तुटणार. दहातले आठ पिनेच्या मुळाशी तुटतात, कारण मुलं तार धरून ओढतात आणि लॅपटॉपभोवती करकचून गुंडाळतात. पिन धरून काढायला शिकवा. गुंडाळायची तर हातभर सैल वेटोळं. तुटलाच तर फेकू नका, नवी पिन लावता येते. आतल्या तारांवर रंगीत वार्निश असतं: बहुतेकदा लाल म्हणजे उजवा, हिरवी किंवा निळी म्हणजे डावा, तांब्याच्या रंगाची ग्राउंड. ते वार्निश आधी तापवून जाळायचं, मगच कथील धरतं. नवशिके इथेच हरतात, वरवर सोल्डर बसतं आणि आवाज येत नाही. जवळपास दुरुस्ती करणारा असेल तर त्याला एवढं सांगून द्या.

पंचवटी_एक्सप्रेस:

काका, हे मला पाच वर्षांपूर्वी कळायला हवं होतं. किती इअरफोन टाकले.

गोदाकाठ:

दहा दिवसांनी लिहितेय, सगळं सविस्तर.

वायरमन येऊन गेला. माझ्या खोलीच्या बोर्डात अर्थिंगची तार स्क्रूतून निसटून लोंबकळत होती. लॅपटॉपला झिणझिण्या यायच्याच, मी त्या थंडीतल्या स्वेटरच्या समजत होते. बाकीचे बोर्डही तपासले, गीझरचा ठीक निघाला. काका, यासाठी तुमचे खास आभार. आईने तुम्हाला नमस्कार सांगितलाय.

शनिवारी महात्मा गांधी रोडला गेले. तीन दुकानं पालथी घातली. दोन ठिकाणी खोकं फोडून ऐकू देत नाहीत म्हणाले, तिसऱ्याने डेमोचे नग काढून दिले आणि अर्धा तास बसू दिलं. षड्ज, तानपुरा, डग्गा, टाळ, तिन्ही ऐकलं. कानावर बसणारा एक हेडफोन आवाजाला छान होता, पण चष्म्याच्या काडीवर पंधरा मिनिटांत ठणका लागला. एका इअरफोनमध्ये टाळ खरंच टोचले, कानातून काढावेच लागले. तुम्ही लिहिलं नसतं तर मी त्यालाच 'स्वच्छ आवाज' समजले असते.

शेवटी कॉलसाठी एच३९० घेतला आणि गाण्यासाठी तार वेगळी होणारे, माईक नसलेले इअरफोन. टाईप-सीचा चिपवाला अ‍ॅडॉप्टर तिथेच फोनला लावून पाहून घेतला. सगळं मिळून बजेटच्या तीन-साडेतीनशे वर गेलं, ते मला मंजूर आहे. माझ्या डाव्या कानाला लहान टोपी लागते आणि उजव्याला मधली. इतकी वर्षं दोन्हीकडे मधली लावत होते, आणि डावीकडून नेहमी आवाज कमी येतो म्हणून कानच तपासून घ्यायच्या विचारात होते.

सोमवारी टीमच्या कॉलवर मी काही न सांगता बोलायला लागले. हैदराबादच्या सहकाऱ्याने विचारलं, "घर बदललंस का?" खाली तेव्हा खणणं चालूच होतं.

एक अडचण उरलीय. कॉल सुरू झाला की लॅपटॉपवर मागे चालू असलेलं बाकी सगळं एकदम हळू होतं. ट्रेनिंगचा व्हिडिओ टीमला दाखवताना मला स्वतःलाच ऐकू येत नाही.

सातपूरकर:

घर बदललंस का! वा. दांडीचा माईक ओठांच्या कडेला ठेवा, अगदी समोर नको, नाहीतर 'प' आणि 'भ' वर फुंकर ऐकू जाते.

आवाज हळू होण्याचं कारण विंडोजची सेटिंग. जुन्या कंट्रोल पॅनलमध्ये साउंड उघडा, कम्युनिकेशन्स नावाचा भाग आहे. तिथे कॉल आला की बाकीचे आवाज ८० टक्के कमी करा असं निवडलेलं असेल. शेवटचा पर्याय घ्या, काहीच करू नका असा. लगेच फरक पडेल.

गोदाकाठ:

झालं. आत्ताच करून पाहिलं.

षड्ज:

आणि रात्री इअरफोनवर काय ऐकलंत?

गोदाकाठ:

भैरवी. तानपुरा पहिल्यांदा दोन्ही कानांत सारखा वाजला.